ढगाला घाबरणारा डबा

गेल्या डिसेंबरात चार दिवस सुट्टी टाकून गावी गेलो होतो. गाव म्हणजे खामगावच्या दक्षिणेला, घाटाखाली. (बुलढाणा जिल्ह्यात गावाचं नाव नंतर विचारतात, आधी 'घाटावरचे की घाटाखालचे?' हे विचारतात. आम्ही घाटाखालचे.) गव्हाला दुसरं पाणी द्यायची वेळ होती आणि आभाळात ढगांचे पुंजके फिरत होते. एरवी ढग म्हटले की बाबांना मावा नाहीतर तांबेरा आठवतो. यावेळी त्यांना वेगळीच काळजी होती.

विहिरीवर सोलर पंप बसलाय. पाच एचपीची मोटर, साधारण पाच किलोवॅटच्या प्लेटा आणि प्लेटांच्या खांबाला लटकवलेला एक राखाडी डबा. ऊन पडलं की डबा गुणगुणायला लागतो, पाइपातून दांडात पाणी पडतं, दांडातून साऱ्यात जातं. छान चाललेलं असतं. मग ढगाचा एक तुकडा सूर्यावरून सरकतो आणि डबा एकदम गप्प होतो. छोट्या पडद्यावर कसलातरी कोड. ढग दोन मिनिटांत निघून जातो, डबा मात्र दहा मिनिटं तोंड उघडत नाही. तोवर दांडातलं पाणी जमिनीनं पिऊन टाकलेलं असतं. पुन्हा सुरू झालं की दांड नव्यानं भिजवत पाणी शेवटच्या साऱ्यापर्यंत पोचायच्या आत पुढचा ढग हजर.

"ढग दिसला का घाबरते बाप्पा हा डब्बा," बाबा म्हणाले. "ढग निंघून जाते, पन याची भीती काई जात नाई."

मी पडलो सॉफ्टवेअरवाला. पहिला विचार हाच आला की कोणीतरी रीस्टार्टचा टायमर दहा मिनिटांवर ठेवलाय, तो कमी करू, काम संपलं. पण खरा प्रश्न तो नव्हताच. ढगामुळे ऊन कमी झालं तर पंपानं हळू चालावं, बंद कशाला पडावं? कॉलेजात पॉवर इलेक्ट्रॉनिक्स नावाचा विषय होता, त्यातलं काही आठवतंय का ते चाचपून पाहिलं. फारसं आठवलं नाही. पुण्याला परतल्यावर दोन-तीन शनिवार-रविवार वाचनात गेले, त्यातून हा लेख.

पण आधी हा डबा आमच्यासाठी एवढा महत्त्वाचा का, ते सांगतो. २००५ नंतरची काही वर्षं आठवा. शहरात असाल तर तुम्हाला दोन-चार तासांचं भारनियमन आठवेल. आमच्याकडे थ्री फेज लाइन आठवड्यातले काही दिवस दिवसा आणि उरलेले दिवस रात्री यायची. रात्री बाराला आली की बाराला उठायचं. सगळ्यांनी मोटरला ऑटो स्विच लावलेले, त्यामुळे लाइन आली रे आली की शिवारातल्या सगळ्या मोटरी एकाच क्षणी उठायच्या आणि डीपी बसायची. डीपी जळली की पंधरा दिवस पीक देवाच्या भरवशावर. २००८ साली माझ्या काकांना रात्री दारं धरताना साप चावला. वाचले, पण तेव्हापासून ते रात्री शेतात गेले नाहीत आणि दोन वर्षांत त्यांनी ओलिताचं पीक घेणंच सोडलं. तेव्हा दिवसा पाणी ही चैन नाही. प्लेटा बसल्या त्या दिवशी आई एवढंच म्हणाली, "आता रात्री झोपशाल."

'दारं धरणं' हा शब्द शहरातल्या मंडळींना माहीत नसेल. दांडातून पाणी वाहत असतं. एका साऱ्याचं तोंड फावड्यानं फोडायचं, तो भरला की मातीनं बुजवायचं आणि पुढचं फोडायचं. दारं एकतर उघडं, नाहीतर बंद. अर्धवट उघडं ठेवलं तर माती वाहून जाते आणि काठ फुटतो.

तो राखाडी डबा आत नेमकं हेच करतो. प्लेटांकडून येणारा डीसी विजेचा प्रवाह सेकंदाला काही हजार वेळा तोडून-जोडून तो मोटरला हवा तसा थ्री फेज एसी करून देतो. अर्धवट उघडं दारं इथेही चालत नाही. ट्रान्झिस्टर पूर्ण चालू असेल तर त्याच्यावर व्होल्टेज जवळजवळ नसतं, पूर्ण बंद असेल तर करंट नसतो, दोन्ही वेळी तो थंड राहतो. मधल्या अवस्थेत ठेवला तर भाजून निघतो. म्हणून जगातले सगळे कन्व्हर्टर, तुमच्या लॅपटॉपच्या चार्जरपासून रेल्वेच्या इंजिनापर्यंत, 'चालू' आणि 'बंद' या दोनच शब्दांत बोलतात.

आणि इथेच गणितवाल्यांची पंचाईत झाली. कंट्रोल थिअरी नावाचं जे सुंदर शास्त्र विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तयार झालं, ते मुख्यतः लिनियर गोष्टींसाठी होतं. दुप्पट घातलं तर दुप्पट निघतं ते लिनियर. चालू-बंद करणारं बटण या व्याख्येत कुठून बसणार?

सुरुवातीला लोकांनी वाकडं आहे ते सरळ करून घेतलं. १९५७ साली अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकमध्ये थायरिस्टर तयार झाला. त्याला किती उशिरा चालू करायचं त्या कोनावर किती व्होल्ट मिळणार ते ठरतं, आणि हे नातं सरळ रेषेचं नाही, कोसाइनचं आहे. मग कंट्रोलरमध्ये आधीच उलटा कोसाइन घालून ठेवायचा, म्हणजे बाहेरून बघणाऱ्याला सगळं सरळ दिसतं. आपल्या विदर्भातली वीज मुंबईकडे नेणारी चंद्रपूर-पडघे ही ±५०० किलोव्होल्टची डीसी लाइन (७५२ किलोमीटर, १५०० मेगावॉट, १९९९ साली सुरू) थायरिस्टरच्याच कन्व्हर्टरांवर चालते. (विदर्भातली वीज मुंबईला आणि आमच्याकडे भारनियमन, यावर चावडीवर जे काही बोललं जायचं ते इथे लिहिण्यासारखं नाही. असो.)

ट्रान्झिस्टरवाल्या, जलद तोडजोड करणाऱ्या कन्व्हर्टरांना ही युक्ती पुरेना. तिथे १९७६ साली कॅलिफोर्नियातल्या कॅलटेकमध्ये मिडलब्रुक आणि त्यांचा विद्यार्थी स्लोबोदान चूक यांनी एक तोडगा काढला. बटण सेकंदाला हजारो वेळा हलतंय ना? मग ते दिसतच नाही असं समजा, फक्त सरासरी घ्या. एवढं करूनही समीकरण वाकडंच राहतं, पण एका ठरावीक बिंदूच्या अगदी जवळ पाहिलं तर ते सरळ भासतं. बोथ्याचा घाट कितीही नागमोडी असला तरी त्यातला हातभर रस्ता सरळच असतो, तसं. कॉलेजात आम्हाला शिकवलं ते हेच. अजूनही जगभर पहिल्यांदा हेच शिकवतात आणि ते बरोबरच आहे, कारण बहुतेक चार्जर आयुष्यभर त्या हातभर रस्त्यावरच चालतात.

पण हातभर रस्त्याबाहेर गेलात तर? त्यातही 'बूस्ट' जातीचा कन्व्हर्टर, म्हणजे कमी व्होल्ट घेऊन जास्त देणारा, फार खट्याळ. त्यात एक कॉइल असते. बटण चालू असताना कॉइल भरते आणि पलीकडे काहीच जात नाही. बटण बंद झालं की साठलेलं सगळं पलीकडे ओतलं जातं. पलीकडे जास्त हवं असेल तर आधी जास्त वेळ भरावं लागतं, म्हणजे तेवढा वेळ पलीकडे उलट कमीच मिळतं. पाणी तुंबवून जोरात सोडायचं तर आधी अडवायला लागतं, आणि तोवर सारा कोरडा. आता समजा दारं धरणारा उतावळा आहे. सारा कोरडा दिसला की तो आणखी अडवतो, आणखी कोरडा दिसला की आणखी. शेवटी पीकही जातं आणि दांडही फुटतो. नुसत्या व्होल्टेजकडे बघून बूस्टला हाकायला गेलेल्या अनेकांचं असंच झालंय.

गंमत म्हणजे या दुखण्यावरचं एक औषध तोपर्यंत मॉस्कोत तयार होतं, फक्त ते दुसऱ्याच रोगासाठी केलेलं होतं.

१९५०च्या दशकाच्या शेवटी स्तानिस्लाव्ह येमेल्यानोव्ह आणि त्यांच्या मंडळींनी उलटा विचार मांडला. बटणाला लपवायचं कशाला? दोन वेगवेगळ्या रचना घ्या, हव्या तर दोन्ही स्वतंत्रपणे कोलमडणाऱ्या, आणि त्यांच्यात योग्य क्षणी उड्या मारा. दोन नालायकांमधून एक लायक उभा राहू शकतो. (चालू-बंद कंट्रोलवर त्याआधी इर्मगार्ड फ्लुगे-लोट्झ या जर्मन बाईंनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात काम सुरू केलं होतं. १९५३ साली त्यांचं या विषयावर पुस्तक आलं आणि पुढे त्या स्टॅनफर्डमधल्या अभियांत्रिकीच्या पहिल्या महिला प्राध्यापक झाल्या. त्यांच्यावर वेगळा लेख लिहायला हवा.) याच मॉस्कोच्या परंपरेतल्या वादिम उत्किन यांनी १९७७ साली अमेरिकेतल्या नियतकालिकात या सगळ्याचा आढावा लिहिला आणि 'स्लायडिंग मोड' हा शब्द जगभर झाला.

हे समजायला मला आजोबांची बैलगाडी उपयोगी पडली. चाकोरीतून गाडी न्यायची आहे. डावा कासरा ओढत राहिलात तर गाडी डावीकडच्या नालीत, उजवा ओढत राहिलात तर उजवीकडच्या. दोन्ही नालायक. पण नियम एवढाच ठेवा: चाकोरीच्या उजवीकडे गेलो की डावा ओढायचा, डावीकडे गेलो की उजवा. गाडी चाकोरीवरून घसरत पुढे जाते. आणि खरी मजा पुढे आहे. गाडीत कापूस भरलाय की ती रिकामी आहे, रस्ता चढाचा की उताराचा, एक बैल आळशी आहे का, यातलं काहीही न मोजता नियम तोच राहतो. सरासरीवाल्या पद्धतीला हे सगळे आकडे आधी लागतात.

मग हे औषध सगळीकडे का वापरलं गेलं नाही? कारण बैल वैतागतो. :-) मिनिटाला शंभर वेळा कासरा हिसडलात तर कुठलाही बैल लाथ मारेल. यंत्रातली गिअर, व्हॉल्व्ह, दांडे असेच थरथरून झिजतात. या थरथरीचं काय करायचं यात मेकॅनिकलवाल्यांची कितीतरी वर्षं गेली.

आणि ट्रान्झिस्टर? त्याचा तर जन्मच हिसडे खाण्यासाठी! ज्या दोषामुळे ही पद्धत इतरत्र नकोशी झाली तो दोष कन्व्हर्टरमध्ये दोषच उरत नाही, कारण तिथे तोडजोड तशीही करायचीच आहे. मला या सगळ्या इतिहासात सर्वात आवडलेली गोष्ट ही. एका बाजूला अमेरिकेत लोक खरं बटण गणितातून घालवायला धडपडत होते आणि दुसऱ्या बाजूला रशियात लोक बटण नसलेल्या यंत्रांना बटण बसवत होते.

ही दोन गावं जोडणाऱ्यांमध्ये एक भारतीय आहेत. रामनारायणन वेंकटरमणन यांनी १९८६ साली त्याच कॅलटेकमधून पीएचडी केली, विषय स्लायडिंग मोडनं कन्व्हर्टर हाकणं. पुढे बंगळूरच्या आयआयएससीत व्ही. रामनारायणन या नावानं त्यांनी पॉवर इलेक्ट्रॉनिक्स शिकवलं. बूस्टचा खट्याळपणा इथे असा आवरला जातो की नुसत्या व्होल्टेजकडे बघायचं नाही. कॉइलमधल्या करंटकडेही बघायचं आणि दोघांना मिळून एक चाकोरी आखायची. दारं धरणाऱ्यानं साऱ्याबरोबर दांडात किती पाणी तुंबलंय तेही बघायचं, इतकं सोपं. त्याच सुमाराला, १९८७ साली, व्हेनेझुएलात सिरा-रामिरेझ यांनी याचं काटेकोर गणित मांडलं.

अर्थात यालाही मर्यादा आहेत. सेकंदाला किती तोडजोडी होतील ते आधी सांगता येत नाही, त्यामुळे कॉइल किती मोठी घ्यायची, रेडिओवर किती खरखर येईल याचा हिशोब बिघडतो. तोडजोड वाढली की ट्रान्झिस्टरही तापतोच. म्हणून खऱ्या डब्यांत थोडी सूट देतात: चाकोरीपासून इतकं इकडे-तिकडे चालेल. शिवाय १९८०च्या दशकाच्या शेवटी हॅमिल, डीन वगैरे मंडळींनी दाखवलं की साधेसुधे कन्व्हर्टरही केऑसमध्ये जाऊ शकतात. अशा वागण्यावर खरगपूरचे सौमित्र बॅनर्जी आणि एमआयटीचे जॉर्ज वर्गीस यांनी २००१ साली एक अख्खं पुस्तक संपादित केलं. ते मी चाळलं. समजलं असं म्हणणार नाही.

वाचता वाचता १९९३ सालच्या एका शोधनिबंधावर चांदोरकर हे नाव दिसलं आणि कान टवकारले. मुकुल चांदोरकर, पुढे आयआयटी मुंबईचे प्राध्यापक. दीपक दिवाण आणि आडापा यांच्याबरोबरचा हा निबंध आहे, एकाच लोडला वीज देणाऱ्या अनेक इन्व्हर्टरांनी एकमेकांशी तार न जोडता काम कसं वाटून घ्यायचं यावर. प्रत्येकानं बोजा वाढला की आपली फ्रिक्वेन्सी किंचित खाली आणायची. ज्याची खाली गेली त्याच्यावर बोजा जास्त आहे हे बाकीच्यांना न सांगता कळतं. आज मायक्रोग्रिडवाले हा निबंध पाठ असल्यासारखा सांगतात. आमच्या ऑटो स्विचवाल्या मोटरींना एवढं शहाणपण असतं तर डीपी वाचली असती.

बरं, आता डब्याकडे.

सोलरच्या प्लेटेचा स्वभाव मुळातच वाकडा. ती ठरावीक व्होल्टेजपर्यंत जवळजवळ सारखाच करंट देते आणि त्यापुढे करंट धाडकन पडतो. मधे एक शेंडा असतो, जिथे पॉवर सर्वात जास्त मिळते. ऊन बदललं की शेंडा सरकतो. तो शोधत राहायची कल्पना अवकाशयानांतून आली. यानाच्या सौर वीजपुरवठ्यासाठी असा स्वतःला जुळवून घेणारा कन्व्हर्टर बोरिंगर यांनी १९६८ साली मांडला होता. सर्वात सोपी रीत म्हणजे अंधारात टेकडी चढणं. एक पाऊल टाकायचं. उंची वाढली तर त्याच दिशेनं पुढचं, कमी झाली तर मागे. ऊन स्थिर असेल तर हे झकास चालतं. पण ढग आला की टेकडीच खाली जाते, आणि आपलं पाऊल चुकलं की टेकडी खचली हे त्या बिचाऱ्याला कळत नाही. हा गोंधळ टाळणारी एक सुधारित रीत १९९५ साली हुसेन आणि सहकाऱ्यांनी दिली.

आमचा डबा घाबरायचा त्याचं कारण मात्र मिडलब्रुक यांच्या १९७६ सालच्याच आणखी एका निबंधात सापडलं. 'मला इतकी पॉवर हवीच' असं म्हणणारं यंत्र पुरवठ्याला उलटं वागवतं. व्होल्टेज कमी झालं तर साधा बल्ब कमी करंट घेईल, पण हे यंत्र पॉवर टिकवायला जास्त करंट मागतं. ढग आला, प्लेटांचं व्होल्टेज जरा उतरलं. मोटर अजून जुन्याच वेगानं पळतेय, म्हणून डब्यानं जास्त करंट मागितला. प्लेटांकडे तो नव्हता. व्होल्टेज आणखी पडलं, मागणी आणखी वाढली. डोळ्याचं पातं लवायच्या आत सगळं कड्यावरून खाली. मग डबा अंडरव्होल्टेजचा कोड दाखवून दहा मिनिटं गप्प. ही भीती नव्हती, हट्ट होता.

उपाय एकच, पाणी कमी मागणं आणि तेही झटपट. पाणी उपसणाऱ्या पंपाची पॉवर साधारण वेगाच्या घनावर जाते, म्हणजे वेग वीस टक्के उतरवला तर पॉवर निम्म्यावर येते. घनाचा हा वाकडेपणा इथे आपल्या बाजूचा आहे.

हे सगळं घेऊन मी मोठ्या रुबाबात फोन लावला. बाबांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मी तं वॉल अर्धा बंद करतो."

"म्हणजे?"

"ढगाचा दिवस दिसला का पाइपाचा वॉल अर्धा बंद करून ठेवतो. पानी कमी येते, पन डब्बा थांबत नाई. तू गेल्यावर दोन दिवसांनी सुचलं मले."

मी दोन मिनिटं गप्प. अशा पंपाचा वॉल आवळला की पाणी कमी फिरतं आणि मोटरवरचा बोजा उतरतो, हे मला पंपाचे तक्ते उघडून तपासावं लागलं. बरोबर होतं. कड्यापासून आधीच चार पावलं मागे उभं राहायचं, त्यासाठी थोडं पाणी सोडून द्यायचं. कंपनीचे लोकही बहुधा हेच करतात, फक्त आकड्यांत.

जानेवारीत मेकॅनिक आला. त्यानं डब्यात दोन सेटिंग बदलल्या: व्होल्टेजची खालची हद्द जरा वर घेतली आणि ती आली की वेग पटकन उतरवायचा. दहा मिनिटं लागली. आता ढग आला की गुणगुण जड होते, पाण्याची धार बारीक होते आणि ऊन आलं की पुन्हा चढते. गहू निघाला, एकरी चौदा पोती.

परवा फोनवर विचारलं, आता वॉल पूर्ण उघडा ठेवता ना? म्हणाले, "ठेवतो. पन ढगाचा दिवस असला का जाऊन बसतो वॉलापाशी. पाह्यतो, कसं करते तो."